पदकाच्या कडेवरचं नाव

चष्म्याच्या दुकानात माणूस नंबर काढायला येतो आणि जाताना एखादी गोष्ट ठेवून जातो. नव्वद सालानंतर बारामतीतल्या माझ्या दुकानात अशा गोष्टींचा नुसता ढीग झाला. कारण मला जुनी लष्करी पदकं जमवायचा नाद होता आणि तो सगळ्या तालुक्याला ठाऊक होता. नादात जोडीदार दोन. वालचंदनगरच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला असलेले जोशी, आणि इंदापूरकडचे ऊस लावणारे तात्या.

जोशींना आणि मला जमवायची हौस. तात्यांना मात्र एकच पदक हवं होतं. त्यांचे आजोबा भिवा लखू मेंढरं सोडून पहिल्या महायुद्धात गेले आणि दोन पदकं घेऊन परत आले. त्यातलं तांबूस पदक कायम तात्यांच्या खिशात असायचं. चांदीचं पदक आजोबांनीच एका दुष्काळात बारामतीच्या सोनाराकडे मोडीत घातलं होतं. सोनारानं ते कधीच वितळवलं असेल, असं आम्ही शंभरदा सांगितलं. तात्या म्हणायचे, "तुमी बघितलंय का?"

खऱ्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं. त्यामुळे कुठलंही पदक आलं की तात्या त्यावरच्या इंग्रज राजाचं तोंड बघायचेच नाहीत, आधी कड बघायचे.

* * *

सुप्याच्या बाजारात एका भंगारवाल्याकडे एकसारखी दोन पदकं निघाली. भिंग लावलं तर दोन्हींच्या कडेवर एकच नंबर, एकच नाव. एका खऱ्या पदकावरून साचा काढून दोन्ही ओतलेली, हे उघड होतं. अंगावर बारीक खड्डेही होते.

"जुळे भाऊ हुते," भंगारवाला म्हणाला.

"आणि नाव पण एकच?" जोशींनी विचारलं.

"आईबापाला वळखू येत न्हवते, साहेब. सरकारला काय येणार?"



* * *

वालचंदनगरच्या क्वार्टर्समध्ये एका काकूंकडे सासऱ्यांचं अस्सल पदक आहे, असं कळलं. पाहुणे येणार म्हणून काकूंनी आम्ही पोचायच्या आत ते चिंच आणि राखेनं घासून लख्ख करून ठेवलं. जुन्या पदकावर चढलेला काळेपणा हा आम्हा लोकांचा जीव की प्राण. जोशी हळहळले.

"अहो काकू, राजाचं नाक गेलं की हो!"

काकू चहा गाळत होत्या. त्या म्हणाल्या, "राज्य गेलं, तिथं नाकाचं काय घेऊन बसलात?"

* * *

बारामतीतल्याच एका गृहस्थांचं पदक चांगलं होतं, पण त्यांना पदकापेक्षा फितीचा अभिमान फार. "फीत मूळची आहे. आजोबांच्या छातीवरची."

मी पदक डोळ्याजवळ नेलं तर फितीला खोबरेल तेलाचा वास. आता हे कसं सांगावं, या विचारात मी असतानाच आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अहो, सोनीच्या वेणीची रिबन कुणी घेतली? शाळेची वेळ झाली."

गृहस्थांनी शांतपणे फीत सोडवली, आत नेऊन दिली आणि बाहेर येऊन म्हणाले, "पदक मात्र खरं आहे हं."

आणि ते खरंच खरं होतं.

* * *

तात्यांच्या शोधाची बातमी फिरत फिरत एका व्यापाऱ्याच्या कानावर गेली. एक दिवस तो चांदीचं पदक घेऊन दुकानात हजर. कडेवर नाव भिवा लखू. मी निरोप धाडला. तात्या उसाला धरलेलं पाणी गड्यावर सोपवून पुढच्या एसटीनं आले.

मूळचं नाव काढायला कड घासून बारीक केलेली मला आधीच दिसली होती. अक्षरंही ठोकलेली नव्हती, हातानं कोरलेली होती. पण तात्यांचा चेहरा बघून माझ्याच्यानं बोलवेना. त्यांनी स्वतःच भिंग लावलं, खिशातलं तांबूस पदक काढून शेजारी ठेवलं आणि सावकाश वाचलं.

"नाव बरुबर हाय," ते व्यापाऱ्याला म्हणाले. "पर आमचा आजा शिपाई म्हणून गेला आन शिपाई म्हणूनच आला. तुमी तर सुभेदार केला त्याला."

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला.

"ऱ्हाऊ द्या. मेल्यावर का हुईना, बढती दिलीत. बसा, च्या घ्या."

व्यापारी गेल्यावर मात्र तात्यांनी तांबूस पदक धोतरानं पुसून पुन्हा खिशात ठेवलं आणि परतीची एसटी धरली. मला फार वाईट वाटलं.

* * *

पुढं लोणी भापकरचा एक जण चष्मा न्यायला आला आणि बोलता बोलता म्हणाला, "आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक हाय. पर पाठीमागं दाढीवाल्या सायबाचं तोंड हाय."

टाक म्हणजे देव उमटवलेला चांदीचा लहानसा पत्रा. त्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकावर एका अंगाला दाढीवाला राजा असतो आणि दुसऱ्या अंगाला घोडेस्वार. मी दुसऱ्याच दिवशी तात्यांना घेऊन लोणी गाठली.

घरात सत्तरीच्या आजी होत्या. घोडेस्वार वर करून ठेवलेला टाक हळदीनं पिवळा झाला होता. "सासऱ्यानं बारामतीच्या सोनाराकडनं आणला," आजी सांगू लागल्या. "सासूबाईंचं एक बी लेकरू जगत न्हवतं. ह्यो घरात आला, आन मग आमचं मालक जलमलं आन जगलं."

त्यांनी टाक पाण्यानं धुऊन तात्यांच्या हातात दिला. तात्यांनी कडेला चिकटलेली हळद अंगठ्यानं पुसली आणि टाक भिंगाखाली धरला. मग माझ्याकडे दिला. अक्षरं झिजली होती, पण ठोकलेली होती. नंबर, मग शिपाई, मग भिवा लखू.

तात्यांचा हात खिशाकडे गेला आणि तिथंच राहिला.

"का वो, काय लिवलंय?" आजींनी विचारलं. "खरा हाय न्हवं?"

"खरा हाय, आजी," तात्या म्हणाले. "अगदी अस्सल."

त्यांनी टाक घोडेस्वार वर करून होता तिथं ठेवला, भंडारा कपाळाला लावला आणि देव्हाऱ्यापुढं डोकं टेकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

तेव्हापासून तात्या दर चंपाषष्ठीला एसट्या बदलत, नारळ घेऊन लोणीला जायला लागले. आजी शेजारणींना कौतुकानं सांगायच्या, "त्यांच्या घरात बी खंडोबा हाय की. पर आमच्याच खंडोबावर लई जीव हाय बघा त्यांचा."