चिमणी नावाची चाल

आमच्या शाळेत शिकवणारे बाकी सगळे सर आणि मॅडम. मास्तर म्हणवून घेणारा एकटा माझा धाकटा भाऊ. मुलींना बास्केटबॉल शिकवतो. मी त्याच शाळेच्या ऑफिसात कारकून आहे आणि सामना असला की टेबलाशी बसून घड्याळ चालू-बंद करते. म्हणजे त्यानं पोरी घडवायच्या आणि मी त्यांचे शाळा सोडल्याचे दाखले टाइप करायचे, असा आम्हा बहीण-भावाचा उद्योग.

दाखल्यावर कारण लिहायला एक ओळ असते. मी तिथं ‘पालकांच्या विनंतीवरून’ असं टाइप करते. खरं कारण त्या एवढ्याशा जागेत मावणार आहे का? आमचा हॉल सगळ्यात वरच्या मजल्यावर. परीक्षा आली की त्यात बाकं लागतात आणि सराव बंद. फरशी अशी गुळगुळीत की पोरगी घसरली नाही तरच नवल. मग समोरच्या दुकानातून बर्फ आणायला मी पळायचं. मोठ्या कॉलेजांसाठी खेळाडू निवडणारे लोक आमच्या जिन्यापाशीसुद्धा फिरकत नाहीत. ते जातात लांबच्या वसतिगृहांच्या शाळांत. तिथं म्हणे लाकडी मैदान, घोटा दुखला तर बघायला डॉक्टर, आणि प्रत्येक सामन्याचं शूटिंग. पण त्याच शाळांची माणसं आमच्या हॉलमध्ये येऊन, भिंतीला टेकून, बरोबर चांगली पोरगी हेरून जातात. त्यांना बरा आमचा जिना चढवतो! पिकतं तिथं विकत नाही हे ऐकलं होतं. इथं तर उभं पीकच उपटून नेतात.

मास्तरनं कधी कुणाला अडवलं नाही. पोरगी रडत निरोप घ्यायला आली की तो फक्त ‘जा’ म्हणायचा. कारण मला ठाऊक होतं. तो शाळेत असताना त्यालाही असंच बोलावणं आलं होतं. आमचे वडील म्हणाले, “आपली शाळा काय वाईट आहे?” संपला विषय. हा राहिला, आमच्या फरशीवर गुडघा फोडून घेतला आणि पुढे त्याच हॉलमध्ये शिट्टी गळ्यात घालून उभा राहिला. वडिलांना तो एका शब्दानं बोलला नाही. पण ते गेले त्या दिवशी त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, हे मी पाहिलंय.

त्याची एक रीत होती. जी पोरगी एखादी चाल पहिल्यांदा साधेल, तिचं टोपणनाव त्या चालीला. ‘लंबू’ म्हणजे डावीकडून आत शिरायचं. ‘घारू’ म्हणजे दोघींनी अडवायचं आणि तिसरीनं पळायचं. पोरी निघून गेल्या, नावं मागे राहिली. संध्याकाळी मी कुलूप लावायला वर गेले की अर्ध्या जिन्यातच ऐकू यायचं, “लंबू! घारू! अगं लंबू!” अंगावर काटा यायचा हो. लंबू आमच्या घरी जेवलेली पोर, आता कुठल्या कुठे. एकदा एका नव्या मुलीनं विचारलं, “मास्तर, लंबू म्हणजे कोण?” हा म्हणाला, “कोण नाही. डावीकडून आत शिरायचं.” त्या रात्री तो न जेवता झोपला. मी पण मुद्दाम आग्रह केला नाही, रागच आला होता मला.

आणि मग चिमणी. एवढीशी, पण पायात भिंगरी. तिची आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरी धुते. चिमणीची चाल अशी: चेंडू हातात असताना मागून हाक आली की मान न वळवता, खांद्यावरून, चेंडू थेट मागे. “बघितलंस की समोरचीला कळतं,” मास्तर तिला घोकून घोकून सांगायचा. “मागे बघायचंच नाही.” दोन वर्षं हा तिच्या पाठीमागून ओरडत होता. शेवटी तर ती जिना उतरत असताना पोरींनी गंमत म्हणून हाक मारली, तर हातातला डबासुद्धा तिनं मागे फेकला होता. हसून हसून आमची पुरेवाट.

तीही गेली. दाखला न्यायला तिची आई आली, हातांची कातडी साबणानं पांढरी पडलेली. म्हणाली, “बाई, वर्षभर बघतात म्हणे तिथं. टिकली तर पुढचं कॉलेज तेच बघून देणार. नाही टिकली तर परत पाठवतात. चादरींपासून सुटावी पोरगी, दुसरं काही मागणं नाही माझं.”

त्याच वर्षी अंतिम सामना आमच्या हॉलमध्ये आला आणि समोर चिमणीची नवी शाळा. निळ्या कपड्यांत ती वर आली, धावत मास्तरकडे गेली. “मास्तर, जिना अजून तेवढाच आहे हो!” तो हसला. पण ती गेल्यावर त्यानं शिट्टी दोनदा खिशात घातली आणि दोनदा काढली.

सामना अटीतटीचा झाला. शेवटची काही सेकंदं उरली तेव्हा आम्ही एका गुणानं मागे होतो आणि चेंडू चिमणीकडे. तिनं फक्त तो सांभाळायचा होता. आमच्या बाकाकडे पाठ करून ती कडेनं चेंडू खेळवत होती, तिच्या मागे आमची कॅप्टन. माझा अंगठा घड्याळाच्या बटणावर.

“चिमणी!”

तिनं मान वळवली नाही. चेंडू खांद्यावरून मागे गेला आणि थेट आमच्या कॅप्टनच्या हातांत पडला. कॅप्टन क्षणभर बावळटासारखी बघत राहिली, मग तिनं मारला. आत! भोंगा वाजला. आमच्या पोरी नाचायला लागल्या, आणि निळ्या कपड्यांतली ती चिमणी आपल्या दोन्ही हातांकडे बघत उभी.

सगळ्यांना वाटलं कॅप्टननं चालीचं नाव घेतलं. ती बिचारी म्हणत होती, “मी नाही, मी नाही,” पण त्या गोंगाटात ऐकतो कोण. मी बाकाला लागून बसले होते. माझ्या भावाचा आवाज मला कळणार नाही?

त्यांची प्रशिक्षक बाई ओरडली नाही. जिना उतरताना तिनं चिमणीला एवढंच म्हटलं, “मन इथंच ठेवून आली असशील तर तूही इथंच राहा.” दुसऱ्या दिवशी चिमणीची आई ऑफिसात आली, उभ्यानंच बोलली. पोरीनं सामना विकला असं तिथं म्हणतात, परत पाठवणार आहेत. “बाई, ती तशी नाही हो.” मला तिच्याकडे बघवेना.

घरी येऊन मी त्याला सगळं सांगितलं. तो उठला, बूट घातले आणि निघाला. त्या शाळेत गेला, सामने भरवणाऱ्यांच्या ऑफिसात गेला. दोन्हीकडे तेच सांगितलं. “हाक मी मारली. मुद्दाम मारली. पोरीचा काही दोष नाही, ती हाक तिच्या अंगात मुरलीय आणि मुरवणारा मी आहे.” आमचा विजय रद्द झाला. मास्तरला पूर्ण हंगाम बाकावर बसायची बंदी. मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांसमोर त्याची सालटी काढली आणि जिंकून हरलेल्या आमच्या पोरी त्याच्याशी बोलेनाशा झाल्या. चिमणी मात्र तिथं राहिली.

मी आठवडाभर गप्प बसले, म्हणजे माझ्या मानानं फारच. शेवटी स्वयंपाकघरात त्याला धरलंच. “शहाण्या, मुद्दाम कशाला म्हणालास? तोंडून निघालं म्हणायचं. उचलली जीभ, लावली टाळ्याला, होतं माणसाचं! कुणी फाशी दिलं असतं का?”

“निघालं नाही, ताई. मारली मी हाक.”

“जिंकायला? पोरीच्या जिवावर?”

“जिंकायचं डोक्यातसुद्धा नव्हतं गं.”

“मग कशाला?”

तो गुडघा चोळत बसला. माझी जीभ शिवशिवत होती.

“पाठमोरी होती ती,” तो म्हणाला. “वाटलं, हाक मारली तर वळून बघेल. इतक्या पोरी गेल्या, एक तरी वळून बघेल माझ्याकडे.” मग तो हसला, रडल्यासारखा. “पण मीच शिकवलं होतं ना तिला, मागे बघायचं नाही म्हणून.”

वडिलांसारखंच विषय संपवणारं काहीतरी झणझणीत त्याला सुनावायचं मी ठरवून आले होते. ते राहिलं. त्याच्या पुढ्यातला चहा गार झाला होता, तो मी परत गरम करायला ठेवला.