आधी तुम्ही ठेवा

ऑफिसात त्यांना सगळे नापासबाई म्हणायचे. दोन यंत्रं नेटवर्कवरून एकमेकांशी ठरल्या नियमांनी बोलतात की नाही, हे तपासणं त्यांचं काम. पण नियम ठरलेले होते कुठे? मसुदा सारखा बदलायचा. इंजिनिअर यंत्र दुरुस्त करून हसत यायचे आणि नव्या मसुद्यात आपटून, तोंड पाडून परत जायचे.

बाईंना एक गोष्ट फार खुपायची. बोलणं संपलं की यंत्रं धाडकन संबंध तोडायची. "ही काय रीत झाली?" म्हणत त्यांनी मसुदा लिहिणाऱ्या समितीच्या मानगुटीवर बसून मसुद्यात एक वाक्य घालून घेतलं: समोरच्याचा 'येतो आता' असा निरोप आल्याशिवाय कोणी संवाद बंद करू नये.

पुढच्या चाचणीला एक मिशीवाले आणि एक चष्मेवाले इंजिनिअर आपापली यंत्रं घेऊन आले. यंत्रं सुरेख बोलली. मग गप्प झाली, ती गप्पच.

"तुमचं अडकलं," मिशीवाले म्हणाले.

"अडकलं कसलं? तुमच्या निरोपाची वाट बघतंय," चष्मेवाले म्हणाले.

"आमचंही तुमच्याच निरोपाची बघतंय!"

दोघांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मसुदा उघडला. दोघंही अगदी बरोबर होते. जेवणाची सुट्टी होऊन गेली, तरी यंत्रं एकमेकांचा मान राखत ताटकळलेलीच.

"मग पास करा ना," मिशीवाले म्हणाले.

"ज्यांचं बोलणं संपतच नाही, त्यांना पास कसं करू?"

"मग नापास करा."

"कुठल्या नियमाने?" बाई रडकुंडीला आल्या होत्या.

घरी आल्या तर नवरा बहिणीशी फोनवर. "ठेवू मग, ताई? नाही, आधी तू ठेव. नाही गं, तूच ठेव." गॅसवर भाजी करपत होती. बाईंनी फोन हिसकावला.

"वन्सं, फोन केला कोणी?"

"मीच केला. का गं?"

"मग तुम्हीच ठेवा!"

खट्! वन्सं रुसल्या, पण बाईंना हवं ते वाक्य सापडलं. ज्याने संवाद सुरू केला, त्यानेच आधी निरोप द्यावा. समितीने मान डोलावली. नव्या मसुद्यात दोन्ही यंत्रं अर्थातच नापास झाली; संवाद आपण सुरू केला तर आधी निरोप द्यायचा, हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

"अहो, परवा तर आम्ही बरोबर होतो!" मिशीवाले ओरडले.

"होता ना," म्हणत बाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. "बसा, तिघं मिळून दुरुस्त करू."

संध्याकाळी एका यंत्राने निरोप दिला, दुसऱ्याने घेतला, संवाद मिटला. पडद्याकडे बघत मिशीवाल्यांनी नकळत हात हलवला.