दगड झिजतो म्हणजे जातो कुठं?

आमच्या शाळेतल्या गणिताच्या सरांचं एक ठाम मत आहे. म्हणतात, "मॅडम, भूगोलात कसले आलेत किस्से? डोंगर, दगड, माती! काही घडतच नाही तुमच्या विषयात!"

शिरूर कासार तालुक्यातल्या एका खेड्यात मी बावीस वर्षं नववीला भूगोल शिकवतेय. विदारण, म्हणजे दगड जागच्या जागी फुटतो, कुजतो तो भाग. मग झीज, म्हणजे तो पाण्यावाऱ्याबरोबर वाहून जातो तो भाग. दरवर्षी तोच धडा आणि तोच फळा. पण दरवर्षी कुणीतरी असं काही बोलून जातं की खडू हातातच राहतो. संध्याकाळी घरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. आता तर एवढे किस्से साठलेत की मी तोंड उघडलं की नवरा म्हणतो, "हां, तो विहिरीचा. ऐकलाय!"

तुम्ही नाही ना ऐकलेला? मग बसा.

* * *

आधी कौसाबाईंचा सांगते. कौसाबाई शाळेत खिचडी शिजवतात.

उष्णतेनं खडक फुटतो हे दाखवायचं म्हणून मी नदीतला एक छान गुळगुळीत गोटा आणला. शाळेमागं तीन विटांची चूल मांडली, जाळ केला, गोटा मधोमध ठेवला. पोरं गोल करून उभी राहिली. मी म्हटलं, "आता बघा हं!"

तेवढ्यात कौसाबाई हातात उलथनं घेऊन ओरडत आल्या. "सरा मागं! सरा समदे!" पोरांना ढकलत ढकलत त्यांनी पार भिंतीपलीकडं नेलं. मलासुद्धा!

मी चिडलेच होते. म्हटलं, "अहो कौसाबाई, प्रयोग चाललाय!" आणि फट्‌कन आवाज झाला. गोट्याची कपची पत्र्यावर जाऊन आदळली.

हेडमास्तर धावत आले. सगळं ऐकून घेतलं आणि कौतुकानं म्हणाले, "मावशी, नदीतला गोटा पाणी पितो, तापला की फुटतो, हे कुठं शिकलात तुम्ही?"

कौसाबाईंनी कपाळावरचा पदर बाजूला केला. भुवईच्या वर जुना व्रण होता. म्हणाल्या, "हितं!"

* * *

आता विहिरीचा.

गावात एक नवी विहीर खोदत होते. खोदणारे मारुतीकाका चाळीस वर्षं तेच काम करणारे. मी वर्ग घेऊन काठावर गेले आणि म्हटलं, "काका, आज तुम्ही शिकवा."

ते आधी लाजले. मग काठी घेऊन विहिरीच्या भिंतीवर वरून खाली दाखवत गेले. "ही काळी माती. हा मुरूम, हातानं चुरा व्हतो. त्याच्या खाली ह्यो अर्धा कुजलेला दगड, पहारीला ऐकतो. आन् त्यो तळाचा काळा पाषाण. त्यो कुणाच्या बापाचं ऐकत न्हाई!"

एका मुलीनं विचारलं, "काका, मग माती कुठून आली?"

काका म्हणाले, "कुठून येतीय? माती बी दगडच हाय, बाळा. फक्त लई दिस उन्हापावसात बसलेला!"

खाली पाणी झिरपत होतं. मी फळ्यावर पाच ओळींची व्याख्या लिहायचे, ती मलाच पोकळ वाटायला लागली. पोरांना बजावलं, "हे वाक्य लक्षात ठेवा, पण परीक्षेत पुस्तकातलंच लिहा."

तिघांनी काकांचंच लिहिलं. मी पूर्ण मार्क दिले.

* * *

आमच्या वर्गातल्या शबानाच्या आई घरी मसाले वाटून विकतात. पालकसभेला आल्या तेव्हा शबानानं त्यांचा जुना पाटा पिशवीत घालून आणायला लावला होता. वर्गात झीज दाखवायला! मधोमध एवढा खोल गेला होता की वाटीभर पाणी राहील.

मी तो टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना विचारलं, "हाताच्या रेट्यानं एवढा दगड झिजला. मग हा दगड गेला कुठं?"

पोरं विचारात पडली. पालकही पडले.

मागून शबानाच्या आई म्हणाल्या, "जाएगा किधर मॅडम? सालन में! बीस साल से सब खा रहे!"

हेडमास्तर दर महिन्याला रश्शासाठी त्यांच्याकडूनच मसाला नेतात. त्यांचा हात आपोआप पोटावर गेला!

* * *

एक अगदी छोटा. उन्हाळ्यात गावातल्या तलावातला गाळ काढून शेतात टाकतात. आमच्या वर्गातल्या रेखाचे वडील अंकुशराव ट्रॅक्टर भरभरून गाळ नेत होते. मी सहज विचारलं, "कशी आहे माती?"

"सोनं हाय मॅडम, सोनं! त्या तलावाचे उपकार हायेत."

शेजारी रेखा उभी होती. वडिलांना म्हणाली, "दादा, पण तलावात पाणी आपल्याच वावरातनं जातंय की. ही आपलीच माती हाय."

अंकुशरावांनी ट्रॉलीतलं एक ढेकूळ उचलून बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "आन् मी त्याला नारळ फोडलता!"

त्या वर्षी त्यांनी माती अडवायला बांधावर गवत लावलं.

* * *

कपिलधारला सहल नेली होती. धबधब्यासमोर उभं राहून मी सांगत होते, की पाणी कड्याचा पाया पोखरतं, मग वरचा दगड कोसळतो, आणि असं होत होत धबधबा डोंगरात मागं मागं सरकत जातो. तिथल्या समाधीच्या दर्शनाला आलेले एक म्हातारे बाबा ओल्या धोतरानं शेजारी उभं राहून ऐकत होते.

"म्हंजे बाई, पाणी डोंगर खातंय?"

"हो बाबा."

"किती दिसांत संपंल?"

म्हटलं, "बाबा, बोटभर सरकायला आपल्या कितीतरी पिढ्या जातील."

बाबांनी मान वर केली. वरून पांढरं पाणी कोसळत होतं, तुषार तोंडावर येत होते. पोरंही बडबड थांबवून वर बघायला लागली. मीसुद्धा. इतकी वर्षं शिकवते, पण त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात बाबांची बायको मागून ओरडली, "अवं चला की! यष्टी जाईल!"

बाबा न वळताच म्हणाले, "डोंगर घाई करंना, तुला कावून घाई?"

* * *

आणि हा कोमलचा.

कोमल शेवटच्या बाकावरची. हजेरीला "हजर" म्हणायची, तेवढाच तिचा आवाज आम्हाला माहीत. जूनमध्ये मी सगळ्यांना काम दिलं होतं: एक जागा निवडा, दर शनिवारी मोजा, वहीत लिहा. बहुतेकांनी दोन शनिवार मोजलं आणि सोडून दिलं.

कोमलनं ओढ्याचा काठ निवडला. त्यांचा गोठा ओढ्याच्या वरच्या अंगाला, कडुलिंबाखाली, घर त्याच्याही मागं. गोठ्याच्या खुंट्यापासून काठापर्यंत ती पावलं टाकायची. वहीत एवढंच: चौदा पावलं. चौदा. चौदा. अकरा. नऊ. आणि बाजूला, "भेग पडली, बोट जातंय." पुढच्या शनिवारी, "हात जातोय."

तिनं वडिलांना दाखवलं. वडील, नवनाथ, हसले. "माझ्या आज्ज्यापासनं गोठा तिथंच हाय. तुझ्या वहीला घाबरून हलवू व्हय?"

ऑगस्टमध्ये एके दिवशी दुपारी असा पाऊस लागला की फळा दिसेना. कोमल वर्गात नव्हती. आणि फाटकातून ती आली, नखशिखांत भिजलेली, मागं दोन म्हशी आणि एक रेडकू!

"मॅडम, व्हरांड्यात बांधू का?"

"अगं, काय झालं?"

"भेगेत पाय गेला आज. मांडीपर्यंत."

हेडमास्तर बाहेर आले, आणि म्हशींच्या मागोमाग फाटकातून नवनाथ, हातात काठी. "न विचारता जनावरं सोडतीस? चल, आण माघारी!" कोमल दाव्याला धरून उभी राहिली. हलेना. मी मध्ये पडले, हेडमास्तर मध्ये पडले, म्हशी व्हरांड्यात शेण टाकून मोकळ्या झाल्या.

आणि ओढ्याकडून आवाज आला. मोठा नाही. शंभर पोती एकदम खाली टाकल्यासारखा.

नवनाथनी काठी टाकून दिली. ते वळले आणि पळत सुटले.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा मी सगळा वर्ग घेऊन तिथं गेले. गोठा नव्हता. कडुलिंब नव्हता. खाली गढूळ पाणी संथ चाललं होतं, जणू काही झालंच नाही. पोरं काठापासून लांब, एकमेकांचे हात धरून उभी.

कोमलनं वही उघडली. शनिवार होता. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मॅडम, खुटाच न्हाई. आता कुठनं मोजू?"

मी मागं वळून घराकडं बघितलं.

नवनाथ घराच्या दारात बसले होते. ते उठले, उंबऱ्याला टाच लावून उभे राहिले आणि लेकीला म्हणाले,

"हितनं मोज."