पेटीवरून पास केलेली रायफल

तुम्ही खांद्याचं विचारलंत म्हणून सांगतो. नाहीतर ही फजिती मी आताशा कुणाला सांगत नाही. सांगून सांगून दमलो हो! आणि सांगून उपयोग काय? मी खरं बोललो की समोरचा डोळा मारतो.

शपथेवर सांगतो, माझ्याएवढा आवाजाला भिणारा माणूस सगळ्या जबलपुरात सापडायचा नाही. दिवाळीत साधी टिकली फोडायची झाली तरी मी हातोडी बायकोच्या हातात देतो आणि स्वतः कानात बोटं घालून मोरीत उभा राहतो. आणि नशीब बघा, नोकरी कुठे लागली? तोफगोळ्यांच्या सरकारी कारखान्यात!

आता कारखाना म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर तोफा उभ्या राहिल्या असतील. त्या खाली बसवा. माझं काम पेट्या तपासायचं. गोळे ज्यात भरून जातात त्या लाकडाच्या पेट्या. सांधा नीट बसलाय का, बिजागरी कुरकुरते का, खिळ्याचं टोक आत आलंय का. सगळं ठीक असलं की खडूने फुली मारायची आणि पुढची पेटी ओढायची. एवढंच. इतक्या वर्षांत मी आत भरलेला गोळा पाहिलेला नाही.

पण हे लोकांना पटेल तर शपथ! कारखान्यातलं बाहेर बोलायचं नाही, हे जबलपुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे कुणी विचारलं, "काय काम असतं?" आणि मी म्हटलं, "पेट्या तपासतो," की समोरचा हळूच हसायचा. "समझ गए, भैया. पेट्याच." सुरुवातीला मी शपथा घ्यायचो. शपथ घेतली की त्याची खात्रीच पटायची. मग मी नाद सोडला. आणि एकदोनदा, तुमच्यापासून काय लपवायचं, मीही नुसता हसलो. दिवसभर खिळे चाचपून आलेल्या माणसाला कुणी तोफखान्याचा मोठा जाणकार समजलं, तर त्याने किती वेळा नाही म्हणायचं?

त्या हसण्याचं व्याज मला पुढे भरावं लागलं.

माझी धाकटी बहीण शालू तेव्हा लग्नाची होती. राज्यांची नवी आखणी होऊन फार दिवस झाले नव्हते. नागपूर तिकडे मराठी मुलखात गेलं, आम्ही इकडे हिंदीत राहिलो, आणि सोयरीक म्हटली की एकदम परप्रांताची गोष्ट झाली. नागपूरची दोन स्थळं येऊन गेली. पोहे खाल्ले, चहा प्याले आणि निरोप धाडला, मुलगी चांगली आहे पण हिंदी बोलते. का? तर पोहे वाढताना शालूच्या तोंडून "और लीजिए ना" निघालं होतं! बरं, तिने तरी काय करावं? शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, भाजीवाली हिंदी. दुसऱ्या नकारानंतर ती पाहुण्यांपुढे तोंडच उघडेना. नुसतं मुंडी हलवून वाढायची. ते पाहून मला आतून फार वाईट वाटायचं.

अशात मंडल्याकडचं एक स्थळ आलं. मुलाचे वडील भाऊराव, लाकडाचे ठेकेदार. भरघोस मिशा, स्वतःची जीप आणि शिकारीचं वेड. त्यांच्या घरातही आमच्यासारखीच खिचडी भाषा. शालूने चुकून "और लीजिए ना" म्हटलं तर ते म्हणाले, "बस बेटा, पेट फुटून जाईल आता." शालू हसली! कितीतरी महिन्यांनी पाहुण्यांसमोर हसली. मी मनात म्हटलं, हे घर हातचं जाता कामा नये. काही झालं तरी!

मुलगा अरविंद शाळेत मास्तर, अबोल, गुणी. सगळं जुळत आलं होतं. फक्त भाऊरावांच्या तोंडून 'पसंत' निघायचं बाकी होतं. आणि ते निघण्याऐवजी निघालं काय?

"तुम्ही काय करून राहिले इथं?"

"कारखान्यात आहे."

"अच्छा! काम काय?"

"पेट्या तपासतो."

झालं! भाऊरावांचा डावा डोळा मिटला. "समजलो. आपण काही विचारलं नाही अन् तुम्ही काही सांगितलं नाही. पण देवासारखे भेटले बावा! कांचघर मोहल्ल्यात एक रायफल विकायला निघाली आहे. मोठ्या बोअरची, दुनाळी. लायसन आहे माझ्यापाशी. फक्त जाणत्या माणसाची नजर पाहिजे होती."

"अहो, मला बंदुकीतलं काही कळत नाही."

"हेच! खरा जाणकार असंच बोलते."

दाराच्या पडद्याआडून सुमन, म्हणजे आमची बायको, हातवारे करत होती. 'हो म्हणा, हो म्हणा!' मी शालूकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर अजून ते हसू होतं. म्हटलं, चलो. बघून यायला काय जातं? भाऊराव, अरविंद आणि मी जीपमधून निघालो.

रायफल होती रेल्वेच्या एका गोऱ्या ड्रायव्हरची. तो वारला होता आणि त्याची बायको सगळं विकून मुलीकडे परदेशात निघाली होती. घरातले पलंग, कपाटं, कोंबड्यांचा पिंजरा, सगळं ओसरीवर मांडून ठेवलेलं. मेमसाहेबांनी एक लांबलचक पेटी टेबलावर आणून ठेवली. "ले जाओ भैया, इसको देखकर हमको डर लगता है." मी मनात म्हटलं, बाई, आपलं दोघांचं जमेल.

आता मी काय करायचं? रायफल कुठून उघडते ते माहीत नाही. हात लावायची छाती नाही. आणि भाऊराव श्वास रोखून माझ्याकडे बघताहेत. मग माझ्या हातांनी त्यांना येत होतं तेच केलं. मी पेटी तपासली.

पण काय पेटी होती हो! अस्सल सागवान. कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, सांधे असे की नख शिरू नये. मी झाकण उघडून मिटलं, बिजागरीला कान लावला. पेटी उलटी करायची म्हणून आतली रायफल उचलून भाऊरावांच्या हातात दिली आणि तळ वाजवून पाहिला. वास घेतला. वाळवीचं नाव नाही! मी सगळं विसरलो बघा. आमच्याकडे येतात त्या पेट्या म्हणजे ओल्या लाकडाच्या, ठोकल्या की रडतात. ही पेटी पाहून मला खरोखर भरून आलं.

"फर्स्ट क्लास!" मी म्हणालो. "असा माल आता होत नाही." आणि सवयीने बोटानेच झाकणावर फुली मारली.

भाऊराव अरविंदकडे वळले. त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "पाहिलं? रायफलीकडे ढुंकून नाही पाहिलं. पेटीवरून ओळखली! ज्यानं पेटी इतकी जपली त्यानं बंदूक कशी ठेवली असंल, हे ओळखणं शिकलेल्या माणसाचं काम आहे."

अजूनही वेळ होती ना खरं बोलायची? होती. पण शालू हसली होती, काय करता!

"आता एक चालवून पाहू," भाऊराव म्हणाले. माझ्या पोटात गोळा आला, कारखान्यातला नव्हे, आपला नेहमीचा.

मेमसाहेबांच्या कपाटाच्या तळाशी त्या बोअरची, म्हणजे त्या जाड नळीत बसतील अशी, दोनच काडतुसं उरली होती. एकेक लहान केळ्याएवढं! ती घेऊन आम्ही शहपुऱ्याच्या रस्त्याला लागलो. वाटेत भाऊरावांच्या ओळखीच्या माणसाचं शेत होतं, त्याच्या मागे कोरडा नाला आणि नाल्यापलीकडे मातीचा उंच कडा. माणूस नाही, गुरं नाहीत. अरविंदने कड्याला टेकवून एक मडकं ठेवलं आणि तो लांब येऊन उभा राहिला.

मी म्हटलं, "भाऊराव, रायफल तुमची, पहिली गोळी तुमची."

"असं कसं? तुम्ही इथं असताना मी? लोक काय म्हणतील?"

"इथे लोक कुठे आहेत?"

"नाही नाही. एक तुम्ही, एक मी."

त्यांनी काडतुसं भरून ते धूड माझ्या हातात दिलं. वजन म्हणजे सुमनच्या पाट्याएवढं. खाली बघतो तर चाप दोन! आता हे कुणी मला सांगितलं होतं? एक उजव्या नळीचा, एक डाव्या नळीचा, ही अक्कल आज आहे. तेव्हा वाटलं, दोन दिलेत म्हणजे दोन्ही ओढायचे असतील. एवढं मोठं जनावर एका बोटाने कसं चालेल? दस्ता खांद्याला घट्ट लावतात हेही ठाऊक नव्हतं. दुखेल म्हणून मी तो चांगला दोन बोटं दूर धरला. डोळे मिटले, शालूचं नाव घेतलं आणि दोन बोटांनी दोन्ही चाप एकदम ओढले.

पुढचं मला अरविंदने सांगितलं. मी म्हणे हवेत होतो!

शुद्धीवर आलो तेव्हा आभाळ दिसत होतं आणि कानात सगळ्या कारखान्याचे भोंगे वाजत होते. उजवा खांदा माझा राहिलाच नव्हता. टोपी बाभळीवर. पण मला भीती वेगळीच. मडकं शाबूत होतं! जसंच्या तसं, जागेवर! आणि दोन्ही काडतुसं संपली होती, भाऊरावांच्या वाटणीचंही. गेली सोयरीक, म्हटलं. आता शालूला काय सांगू?

भाऊराव मात्र माझ्याकडे न येता थेट कड्याकडे धावले. मडक्याच्या बाजूला मातीत दोन भोकं पडली होती, अगदी शेजारी शेजारी. ते वाकून बघत राहिले. मग डोक्यावरचा फेटा मागे सारून ओरडले, "अरविंदा! इकडे ये! दोन्ही नळ्या एका जागी मारतात की नाही, ते पाहिलं यांनी. दोन्ही एकदम ओढून! आपण जन्मभर शिकारी करून राहिलो, पण ही छाती नाही झाली."

अरविंद म्हणाला, "पण बाबा, मडकं?"

"अरे गाढवा, मडकं फोडलं असतं तर भोकं कशी दिसली असती?"

ऐकून मला रडू आलं. त्यांना वाटलं, दुखण्याचं.

परत येताना जीप प्रत्येक खड्ड्यात आदळत होती आणि मी प्रत्येक खड्ड्यात मरत होतो. भाऊराव गाडी हाकता हाकता सांगत होते, या रायफलीवर ते आता एकटे वाघापुढे उभे राहणार. का? तर मी पास केली म्हणून! त्या क्षणी मात्र माझा धीर सुटला. उद्या ती त्यांच्या हातात फुटली तर? शालू ज्या घरात जायची, त्या घराचा कर्ता माणूस माझ्या फुलीपायी जायचा? मोडू दे सोयरीक मोडायची तर. मी ओरडलो, अक्षरशः ओरडलो, "भाऊराव, थांबा! मी पेट्या तपासतो! लाकडाच्या! खिळे आणि बिजागऱ्या! बंदूक आज जन्मात पहिल्यांदा हातात धरली! मी तुम्हाला पेटी पास करून दिली, रायफल नाही!"

भाऊरावांनी जीप थांबवली. त्यांच्या मिशा थरथरत होत्या. मग ते मुलाकडे वळले.

"ऐकलं? हाड मोडलं आहे, डोळ्यात पाणी आहे, तरी 'पेट्या' याच्या पुढं एक अक्षर नाही. याले म्हणतात इमान! ज्या घरचा माणूस असा, त्या घरची पोरगी सासरची गोष्ट बाहेर नेईल का रे?" आणि माझ्या दुखऱ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "पसंत! काढा मुहूर्त!"

थापेने मी पुन्हा बेशुद्ध पडलो. तिथून मला सराफ्याच्या मागच्या गल्लीत, हाडं बसवणाऱ्या पहिलवानाकडे नेलं. त्याने विचारलं, "कैसे लगा?" मी तोंड उघडायच्या आत भाऊराव म्हणाले, "सरकारी मामला है, मत पूछो." पहिलवानाने मान डोलावली आणि मी किंचाळेपर्यंत खांदा ओढला.

तुम्ही वाघाची काळजी करू नका. त्या बोअरची काडतुसं पुढे कुठे मिळालीच नाहीत. भाऊरावांनी रायफल बैठकीत मांडून ठेवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माझी गोष्ट सांगत राहिले. शालू सुखात आहे, पाहुण्यांना हवं तेवढं "और लीजिए ना" म्हणते. मला आजही मंडल्याला जायची सोय नाही. गेलो की अंगणात चारपाच जण जुन्या बंदुका घेऊन बसलेले असतात.

पण खरी फजिती त्याच दिवशी संध्याकाळी घरी झाली. सुमन खांद्याला गरम हळदीचा लेप लावत होती. मी कण्हत म्हणालो, "सुमन, बाहेरचे जाऊ दे. निदान तुला तरी माहीत आहे ना, मी नुसत्या पेट्या तपासतो ते?"

तिचा हात थांबला. ती उठली, खिडकी लावून घेतली आणि परत येऊन बसली.

"हळू बोला. अहो, इतकी वर्षं झाली लग्नाला, मी कधी विचारलं काय, खरं काय करता म्हणून? शेजारच्या वहिनी आपल्या नवऱ्याचं गल्लीभर सांगत फिरतात. मी माहेरीसुद्धा एक शब्द नाही काढला. कुणी विचारलंच तर पेट्या म्हणते. अगदी तुम्ही म्हणता तशी, थकल्यासारखं तोंड करून. आजवर कुणाला शंका नाही आली."

तिचे डोळे भरून आले होते. अभिमानाने हो! असा अभिमान मी तिच्या डोळ्यांत कधी पाहिला नव्हता. आता तुम्हीच सांगा, काय करायचं माणसाने? खांदा ठणकत होता. दिवसभर खरं बोलून बोलून जीव थकला होता.

मी दाराकडे एकवार पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणालो, "शालूलासुद्धा सांगू नको."