मामांची किडनी आणि माझं पत्रक

तुमच्या रक्ताच्या रिपोर्टवर किडन्या किती काम करतात याचा जो आकडा छापून येतो, तो कुणाची शरीरं समोर ठेवून बेतलेला आहे, हे तुम्ही कधी विचारलंय का? मी विचारलं होतं. मोठ्या आवाजात आणि चुकीच्या माणसाला.

पण आधी मामांबद्दल सांगतो, कारण आकड्याशी घासाघीस करणारा त्यांच्यासारखा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही. वडवणीच्या बाजारात ते शेळ्या विकतात. सौदा जुन्या पद्धतीनं, टॉवेलाखाली हात घालून, बोटं दाबून; भाव दोघांनाच कळतो, भोवतीच्या गर्दीला नाही. ही सवय इतकी मुरलेली की भाचीच्या लग्नात मुहूर्त पुढं ढकलायला त्यांनी भटजींच्या हातावरही टॉवेल टाकला होता. शेळ्यांना ते सासुरवाडीच्या माणसांची नावं ठेवतात आणि मेव्हण्याच्या नावाची शेळी विकली की ती दिसेनाशी होईपर्यंत मागं वळून पाहतात. मटण मात्र तोंडाला लावत नाहीत. "नाव घेऊन हाक मारलेल्याला खायचं कसं बे?" असं मलाच विचारतात. त्यामुळं अंगावर मांस म्हणून नाही. उन्हानं काळेकुळकुळीत झालेले, वाळल्या बाभळीसारखे काटक.

मामींच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा मामांनी कुणाला विचारलं नाही. आपली एक देणार, असं जाहीर करून टाकलं. मामी नको म्हणत होत्या, त्याकडं लक्ष दिलं नाही. तपासणीसाठी बीडच्या एका लॅबमध्ये त्यांना घेऊन मी गेलो. आता माझं सांगायचं तर आमच्या घरात पाळण्याच्या वर खेळण्याऐवजी मागण्यांची पत्रकं लटकत असावीत. 'निषेध' हा शब्द मी 'आई' या शब्दाच्या आधी शिकलो असेन. लॅबवाल्याच्या जुनाट कॉम्प्युटरवर किडनीचा आकडा काढण्याआधी वंश विचारला होता आणि त्यात दोनच पर्याय होते: कृष्णवर्णीय आणि इतर. त्यानं मुकाट्यानं 'इतर'वर बोट ठेवलं. झालं. आम्ही इतर? माझ्या पोटात सगळी पत्रकं एकदम पेटली. वसाहतवाद, गोऱ्यांचं विज्ञान, मराठवाड्याचा अपमान असं बरंच काही मी काउंटरवर उभं राहून बोललो. रांगेतल्या एका आजोबांनी तर मला कोणत्या पक्षाचा म्हणून विचारलं.

मामांना भाषणातलं एवढंच कळलं की घासाघीस चालू आहे. त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि दंड काउंटरवर ठेवला. "मी काळाच हाय की. तसं लिहायला कावून न्हाई म्हनताव?"

लॅबवाल्यानं आम्हाला घालवण्यासाठी पर्याय बदलला. आकडा टणकन वर चढला. मामा खूश. मी तर विजयी. त्याच आठवड्यात मी पत्रक छापलं की परकी सूत्रं आपल्या माणसांच्या किडन्यांची किंमत कमी लावतात, आणि ते एसटी स्टँडवर वाटलं. मामा तो आकडा बाजारात परीक्षेतल्या मार्कांसारखा सांगत हिंडत होते.

संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि माझं पत्रकही. मी ते सोबत नेलं होतं. असला माणूस मी. बाई आमच्याच जिल्ह्यातल्या, धर्मापुरीकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की तो कृष्णवर्णीयांचा पर्याय अमेरिकेतल्या लोकांवरून आला होता, मामांच्या रापलेल्या कातडीशी त्याचा काही संबंध नाही, आणि आता तिकडंही तो सोडून दिलाय. शिवाय हा आकडा निघतो रक्तातल्या क्रिएटिनिनवरून, म्हणजे किडन्या गाळून टाकतात त्या कचऱ्यावरून, आणि ते येतं मुख्यतः स्नायूंमधून. ज्याच्या अंगावर मांस कमी, जो मटण खात नाही, त्याच्या रक्तात ते मुळातच कमी. सूत्राला वाटतं, किडन्या झकास गाळतायत. म्हणजे ते सूत्र आमचा अपमान करत नव्हतं, आमची खोटी स्तुती करत होतं. याच्याविरुद्ध घोषणा कशी द्यायची हे मला कुणी शिकवलेलं नाही.

मग त्यांनी अंदाज बाजूला ठेवून सुई टोचून, स्कॅन करून किडनीचं खरं काम मोजून घेतलं. निकालाच्या दिवशी मामी शेजारीच बसल्या होत्या. बाई बोलायला लागणार, तेवढ्यात मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढून टेबलावर पसरला आणि खाली हात सरकवला. बाईंनी क्षणभर मामींकडं पाहिलं आणि आपलाही हात खाली घातला. टॉवेल हलला. मामांनी उलट बोटं दाबली, वाढवून मागितलं असणार. बाईंनी पुन्हा तेवढीच दाबली. मामांनी अजून एकदा. बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"माल हलका निघाला," मामा मामींकडं न पाहता म्हणाले. "जन्मात पैल्यांदा हिला काई द्यायला निघालो, तर असं."

"मी कुटं मागितलं होतं?" मामी म्हणाल्या, आणि त्यांच्याच टॉवेलानं डोळे पुसले. "तुमी पानी पेत न्हाईत दिवसभर. आता मी सांगते तसं प्याचं."

मामींना डायलिसिसला मामाच घेऊन जातात. कोपऱ्यात बसून त्या मशीनकडं असं पाहतात, जणू तिनं त्यांचा सौदा मोडला.

माझ्या पत्रकाचा उरलेला गठ्ठा मामींनी चुलीला लावला. नवं छापलेलं नाही, म्हणून मागणी इथंच करतो, आणि एकच करतो. किडनीच्या आकड्यावर तुमच्या घरातलं काही मोठं ठरणार असेल, तर डॉक्टरांना विचारा: हा मोजलेला आहे का अंदाजाचा? आणि देणारा माणूस मामांसारखा हडकुळा आणि उतावीळ असेल, तर हा प्रश्न तुम्हीच विचारा. तो विचारणार नाही. त्याला फक्त हो ऐकायचं असतं.