हॉलमध्ये खडूनं काढलेली क्रूझची केबिन

मंडळी, आज आमच्या हॉलमध्ये जहाज लागलं होतं!

माझ्या आईनं चाळीस वर्षं शिलाईकाम केलं. गेली सहा वर्षं ती व्हीलचेअरवर आहे. दिवाळीनंतर तिला मुंबईहून क्रूझवर न्यायचं ठरवलंय. आज धरमपेठेतल्या ट्रॅव्हल एजंटनं व्हीलचेअरवाल्या केबिनचा नकाशा पाठवला आणि खुर्चीची रुंदी विचारली.

मी टेप लावला, तशी आई ओरडली, "खुर्चीचं काय माप घेऊन राहिला गा? चाकं फिरवताना माझी कोपरं बाहेर येते. बसलेल्या माणसाचं माप घे!"

मग तिनं कापडावर खुणा करायचा आपला खडू काढायला लावला. सोफे सरकवून मी फरशीवर अख्खी केबिन आखली. पलंग, दार, बाथरूम, सगळं तिच्या देखरेखीखाली, मापात.

आई केबिनभर फिरली, पलंगापाशी आरामात वळली. मग एकटीच खडूच्या बाथरूममध्ये शिरली आणि हवेतच दार लावून घेतलं. सवयीनं मी मागे गेलो, तर म्हणाली, "तू बाहेर थांब नं गा."

मला हसू आलं. तिला नाही.

"इथं उंबरा नाही," ती हळूच म्हणाली. "मले कोणाले आवाज द्यावा लागला नाही."

आमच्या खऱ्या बाथरूमला चार इंचांचा उंबरा आहे. सहा वर्षं मी तिला रोज उचलून आत नेतोय आणि त्याला सेवा समजतोय.

क्रूझला अजून वेळ आहे. उंबरा फोडायला गवंडी मात्र उद्याच हवा. कोणाच्या ओळखीत आहे का?