बाटलीतले बुडबुडे

शिवगंगा सिस्टरच्या वॉर्डात नव्या माणसाला एक गोष्ट हमखास खटकते. ऑक्सिजनच्या चावीवर ती चिकटपट्टी मारते. एखादा तुकडा नाही, चांगले तीन-चार वेढे. नातेवाइकानं त्या चावीकडं नुसतं बोट केलं तरी अशी अंगावर जाते की बिचारा मुकाट बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसतो. नव्या पोरी आपसात म्हणतात, बाई लई खडूस हाय. म्हणू द्या. त्यांना काय ठाऊक, आणि ती तरी कशाला सांगेल? मी सांगतो.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. जिल्हा झाला म्हणजे काय झालं? पाट्या रंगल्या, साहेब लोक आले, आणि नळाला आठ-आठ दिवस टिपूस नाही. पाऊस सलग दोन वर्षं हुलकावणी देऊन गेला होता. साहेब आले म्हणून तो काही यायचा नव्हता.

शिवगंगाचे वडील गुरुपादप्पा मूळचे शिरूर अनंतपाळचे. लग्नानंतर लातुरात आले आणि एका डाळमिलच्या चाळणीवर उभे राहिले ते बावीस वर्षं. तुरीच्या टरफलाची धूळ अशी असायची की संध्याकाळी घरी आलेला माणूस अंगभर विभूती फासून आल्यासारखा दिसायचा. खोकला सुरू झाला तेव्हा मिलमधल्या सगळ्यांनी एकच औषध सांगितलं, गूळ खा, धूळ खाली उतरते. गुरुपादप्पांनी तेव्हापासून इमानेइतबारे रोज गूळ खाल्ला. धूळ काही उतरली नाही.

आई दानम्मा त्याच मिलमध्ये डाळ निवडायला जायची. बाई मोठी नेटकी. नळ आला की ती घरात वादळासारखी फिरायची. तोटी पूर्ण सोडायची, आणि घागरी, पातेली, ताटं, वाट्या, अगदी डब्यांची झाकणंसुद्धा भरून ठेवायची. येतंय तोवर घ्यायचं, हा तिचा कायदा. नळ कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून हात आखडता घेतला की आठ दिवस बोंबलत बसायचं. त्या दिवसांत लातुरातल्या सगळ्याच बाया असं करायच्या, तिला एकटीला का नावं ठेवा?

शिवगंगाला नर्सिंगला घालायचं ठरलं तेव्हा भावकीत गहजब झाला. चुलते चन्नबसप्पा म्हणाले, पोरीच्या जातीनं दुसऱ्याचा थुंका काढायचा, हे कसलं शिक्षण? गुरुपादप्पांनी खोकत खोकत उत्तर दिलं, शिकू द्या, उद्या मलाच लागंल. सगळे हसले. ते स्वतःही हसले, आणि त्या हसण्याची उबळ आली ती पाव तास थांबली नाही.

शाळा एका संस्थेच्या दवाखान्याला जोडलेली होती. शिकवायला सिंधु सिस्टर, आवाज करवतीसारखा, पण शिकवणं सोन्यासारखं. श्वास मोजायचा तर पेशंटला कळू द्यायचं नाही, कळलं की तो मुद्दाम नीट घेतो. म्हणून नाडी धरल्याचं सोंग करायचं आणि नजर छातीवर ठेवायची. कफ सुटायला पाठीवर थापट्या मारायच्या त्या तळहात वाटीसारखा करून, सपाट हातानं मारलं तर पेशंट शिव्या देईल. धाप लागलेल्याला ओठ आवळून फुंकर घालायला लावायची. समोर दिवा आहे असं समज म्हणायचं, विझवायचा नाही, नुसता हलवायचा.

आणि ऑक्सिजन. त्या दिवशी सिंधु सिस्टरनी फळ्यावर नुसता दोनचा मोठा आकडा काढला. मग म्हणाल्या, जुना दमेकरी असेल तर मिनिटाला दोन लिटरच्या वर जायचं नाही. त्याच्या छातीला कमतरतेची सवय लागलेली असते. त्याला भरपूर दिलंत की त्याचं शरीर श्वास घ्यायचं सोडून देतं. तोंड लाल होतं, हात ऊन लागतात, आणि माणूस छान झोपी जातो. ती झोप मोडत नाही. शिवगंगानं हे वहीत उतरवलं आणि खाली तांबड्या पेन्सिलीनं दोन रेघा मारल्या. चाचणीत हाच प्रश्न आला आणि तिला पैकीच्या पैकी मिळाले.

दर रविवारी ती घरी येऊन शिकलेलं सगळं वडिलांवर करून बघायची. ते पालथे व्हायचे, गळ्यातलं लिंग छातीखाली रुतू नये म्हणून मुठीत धरायचे, आणि म्हणायचे, वाजीव तबला. तिनं पाठीवर थापट्या मारल्या की घट्ट कफ सुटायचा, दोन दिवस त्यांना जरा बरं वाटायचं. दानम्मा शेजारणींना बोलावून दाखवायची. घरात जणू डॉक्टरच आला, असा तिचा तोरा असायचा, आणि का नसावा?

वैशाखात गुरुपादप्पांचं दुखणं हाताबाहेर गेलं. दवाखान्यात घातलं, ते शिवगंगाच्याच वॉर्डात. आडवं झालं की जीव घाबरायचा, म्हणून ते पलंगावर बसून असायचे, पुढ्यात टेबल, टेबलावर उशी, उशीवर डोकं. असे आठ दिवस. त्यांना डोळ्याला डोळा नाही, आणि लेकीलाही नाही. वॉर्डात सिलिंडर एकच आणि दमेकरी दोन. दुपारी चारपर्यंत गुरुपादप्पांकडं, मग तिकडच्या कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याकडं. चारला वॉर्डबॉय यायचा आणि गाडा ढकलत घेऊन जायचा. तो गेला की दानम्मा नळ गेल्यासारखी त्याच्या वाटेकडं बघत राहायची.

नवव्या दिवशी दुपारी दोनला टँकर आला. होस्टेलच्या पोरींना पाळीनं पाणी आणावं लागायचं, आणि त्या दिवशी पाळी शिवगंगाची होती. पाळी चुकली तर चाळीस पोरी कोरड्या. तिनं चावी दोनवर आहे ना ते बघितलं आणि आईला जवळ घेतलं. सिलिंडरला काचेची बाटली लावलेली असते, तिच्यातल्या पाण्यातून हवा येते. ती दाखवून तिनं आईला समजावलं, हे बुडबुडे दिसले म्हणजे अप्पाला हवा चालू आहे. बंद पडले तर लगेच सिस्टरला हाक मार.

दानम्मानं बाटलीकडं निरखून बघितलं. "आन् लईच बारीक यायले की हे. इतकं पुरंल व्हय?"

खाली टँकरचा हॉर्न वाजला. शिवगंगानं बादल्या उचलल्या. "चालू हायत न्हवं? झालं तर मग," म्हणाली, आणि जिना उतरली.

बस, एवढंच. तांबड्या दोन रेघा मारलेलं ते वाक्य तिनं आईला सांगितलं नाही. घाई होती, आणि आईला काय कळणार, असंही मनात कुठंतरी होतं. शिकलेल्या पोरीला असं वाटतं. कशाला लपवा?

टँकरला दीड तास लागला. भांडणं झाली, एकीची घागर फुटली. शिवगंगानं खेपा घालून होस्टेलचं पाणी पोचवलं, अप्पासाठी तांब्याभर पाणी बाजूला काढलं आणि वॉर्डात आली. दानम्मा तिला बघून तोंडावर बोट ठेवून हसली. गुरुपादप्पा उशीला टेकून आडवे झाले होते. झोपले होते. चेहऱ्यावर चांगली लाली आली होती.

"चारला घिऊन जातेत न्हवं," दानम्मा कुजबुजली. "म्हनलं, तवर तरी पोटभर घिऊ द्यावं. सोडली समदी."

बाटलीत भाताच्या आधणासारखी उकळी चालली होती. किती हवा जाते ते दाखवणारी काचेच्या नळीतली गोळी पार वर जाऊन टेकली होती.

शिवगंगाच्या हातातला तांब्या खाली पडला की तिनं ठेवला, तिला आजही आठवत नाही. तिनं चावी खाली आणली. वडिलांचा हात धरला, तो ऊन लागला. नाडी धरल्याचं सोंग करायची आता गरज नव्हती, तरी तिनं मनगटच धरलं आणि छातीवर नजर ठेवली. श्वास मिनिटाला सहा. मग ती अशी ओरडली की कोपऱ्यातला म्हातारा उठून बसला.

डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली, तोंडावर फुगा लावला. फुगा दाबायचा, सोडायचा, मनात तीन मोजायचे, परत दाबायचा. शाळेत तिनं हे रबरी बाहुल्यावर केलेलं होतं. दानम्मा चिडली. आठ दिवसांनी डोळा लागलाय तर झोपू द्या की त्येंला, कशापायी छळताव, असं म्हणत ती लेकीचा हात ओढत राहिली. तिला बाहेर नेलं. शिवगंगा साडेपाचपर्यंत फुगा दाबत होती. बोटं वळेनाशी झाली तेव्हा सिंधु सिस्टरनी तिच्या हातातून तो काढून घेतला, आणि थोड्या वेळानं डॉक्टरांनी त्यांच्याही हातातून काढून घेतला.

चावी कुणी सोडली, डॉक्टरांनी विचारलं.

"म्या," शिवगंगा म्हणाली.

सिंधु सिस्टरनी तिच्याकडं बघितलं. ही पोर त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मिळवलेली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी कागदावर त्यांनी तिचंच नाव लिहिलं. चौकशी झाली, शिवगंगाचे सहा महिने वाया गेले, आणि बॅचच्या पोरी ती दिसली की बोलणं थांबवायच्या. तिनं ते गिळलं.

त्यांच्या लिंगायतांत माणसाला बसवूनच मातीत ठेवतात. गुरुपादप्पांनाही डाव्या तळहातावर लिंग देऊन बसवलं. आठ दिवस ते जसे टेबलापुढं बसून होते, तसेच. शिवगंगाला ते बघवलं नाही. दानम्मा मात्र भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होती, लेकीच्या शिक्षणाचं चीज झालं गं बाई. मला बाटली दाखवून गेली, म्हणून शेवटाला त्येंला पोटभर हवा देता आली. लई निवांत गेले.

आणि हे ती पुढं तीस वर्षं सांगत राहिली. लग्नात, बारशात, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला. शिवगंगा शेजारी असली तर मान खाली घालायची. लोकांना वाटायचं, बाई मोठी विनयी आहे. सांगावं असं तिला शंभरदा वाटलं असेल. पण आईजवळ नवऱ्याचं तेवढंच एक समाधान उरलेलं, ते कोणत्या तोंडानं काढून घ्यायचं?

मग ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात दानम्माची छाती भरली. मिलमध्ये आयुष्यभर डाळ निवडलेली, धुळीनं तिला का सोडावं? लेकीच्याच वॉर्डात तिला ठेवलं. शिवगंगानं नळी लावली, चावी दोनवर आणली, वरून पट्टी गुंडाळली. म्हातारी बाटलीकडं बघत पडून राहिली.

"गंगे, सोड की जरा."

"दोनच बरं अव्वा. इतकंच द्यायचं असतंय."

दानम्मानं त्या पट्टीकडं बघितलं, मग लेकीकडं. "तुज्या अप्पाला म्या मोकळ्या हातानं दिलं व्हतं," ती म्हणाली. "तू मला मोजून द्यायलीस."

शिवगंगानं तिचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडं बघितलं. एक वाक्य सांगितलं असतं तर म्हातारीचा राग गेला असता. त्याबरोबर तिची तीस वर्षंही गेली असती. ते वाक्य तोंडात धरून ती उशाशी बसून राहिली. दानम्मानं तोंड भिंतीकडं फिरवलं. पाच दिवस ती लेकीशी एक शब्द बोलली नाही, आणि सहाव्या दिवशी पहाटे तशीच गेली.